मोटारीच्या छताची चौथी टोपी

गणेशपेठ, नागपूर
भाद्रपद शुद्ध तृतीया, हरतालिका

तीर्थस्वरूप भैयाजी मामांच्या चरणी लहानूचा साष्टांग नमस्कार. (मागच्या पत्रात माझ्या हातून ‘तीर्थरूप’ असे पडले होते. ते फक्त आईवडिलांना लिहायचे असते, हे पत्र टपालपेटीत टाकल्यावर आठवले. पेटीत मनगटाच्या पुढे हात जात नाही आणि गेलेला हात लवकर बाहेर येत नाही, हेही तेव्हाच कळले.)

इकडे सर्व ठीक आहे. आपला गुडघा कसा आहे? मामी निर्गुडीचा पाला बांधायला देतात, तो आपण बांधत नसाल, असे आई म्हणते. ती विचारत नव्हती, नुसती म्हणाली. रुख्मिणी मामींची कंबर, नवीन वासराचे पोट आणि संत्र्याच्या बागेतला आंब्या बहार यांचीही खुशाली कळवावी. फळगळ फार नाही ना? हेही आईच म्हणाली, म्हणजे भिंतीकडे पाहून म्हणाली.

आता मुख्य गोष्ट. आपली मोटार सुखरूप आहे. हे वाक्य आपण दोनदा वाचावे आणि मगच पुढे जावे, ही विनंती. तिला कुठे खरचटलेले नाही, रंग उडालेला नाही, चारही चाके जागच्या जागी आहेत. छताच्या चार टोप्यांपैकी तीन स्वच्छ होऊन पक्क्या बसल्या आहेत. चौथीबद्दल थोडे सविस्तर लिहावे लागेल. गणपतीच्या आत मोटार काटोलला पोचती करीन, असा शब्द मी दिला होता. गणपती उद्या बसतात आणि मोटार आमच्या दारात आहे, यावरून माझ्या मनाची स्थिती आपल्या लक्षात येईल.

धोंडबा मोटार घेऊन आला, तेव्हा त्याने आपला निरोप जसाच्या तसा सांगितला होता: “मालक म्हनते, छताच्या टोप्या गंजल्या. काम नाजूक हाय. लहानूच्या हाताले सफाई हाय, त्याच्याकडूनच करून घ्या.” मामा, हे ऐकून मला रात्री जेवण गेले नाही. मॅट्रिकला दोनदा गणित राहिल्यापासून आमच्या नात्यात माझ्या कोणत्याही अवयवाबद्दल कोणी चांगले बोललेले नाही. बर्डीवरच्या दुकानात मी शिलाईची मशीन दुरुस्त करतो, त्यालाही लोक ‘सध्या’ हा शब्द लावतात. आणि आपण एकदम मोटार पाठवली! आई मात्र धोंडब्याला चहा देता देता एवढेच म्हणाली, “काटोलले पेचकस भेटत नाही का रे?” धोंडब्याने बशी तोंडाला लावली.

आईचे आणि मोटारीचे ताराच्या लग्नापासून जमत नाही, हे आपण जाणताच. जुने उगाळण्याचा माझा हेतू नाही, पण पुढच्या गोष्टी त्याशिवाय समजणार नाहीत. बाबा नसल्यामुळे त्या दिवशी सगळी भिस्त आपल्यावर होती. माझ्या बहिणीच्या मागे मामा म्हणून आपण उभे राहायचे, आणि आपण कळमेश्वरजवळ रस्त्याच्या कडेला मोटारीच्या तोंडात पाणी ओतत होता. मुहूर्त थांबेना, म्हणून आईचे चुलतभाऊ मनोहरराव मामा म्हणून उभे राहिले (त्यांनी मुंडावळ्या ताराऐवजी स्वतःच्या टोपीला अडकवून घेतल्या, तो भाग वेगळा). आपण पोचलात तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. आपण म्हणालात, “माह्यासाठी घडीभर थांबता आलं नाही?” आई म्हणाली, “येस्टीनं आला असता तं थांबावं लागलं नसतं.” आपण पाणीही न घेता परत गेलात. तेव्हापासून आपण आमचा उंबरा ओलांडला नाही आणि आईने ‘ये’ म्हटले नाही. राखी टपालाने जाते, संत्री एस.टी.च्या टपावरून येतात, आणि मधल्यामधे मी दोघांनाही ‘ठीक आहे’ असे लिहीत असतो.

तर अशा घरात ही मोटार आली. आई तिला पहिल्या दिवसापासून ‘हिरवी म्हैस’ म्हणते. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी मोटारीच्या टपावर आमची जुनी सतरंजी घातलेली दिसली. “पाखरं घान करते,” असे आई म्हणाली.

काम मी असे केले. छताच्या कडेने पाणी वाहून जायला जी पन्हाळ आहे, तिच्यावर चकचकीत पट्टी असते आणि पट्टीच्या चार टोकांना या चार टोप्या. प्रत्येक टोपी अंगठ्याच्या पेराएवढी, आतून पोकळ, पुढे निमुळती. (आपण तिला ‘तो गंजका तुकडा’ म्हणता, म्हणून वर्णन केले. तुकडा म्हणण्यासारखी ती वस्तू नाही.) प्रत्येकीत एकच स्क्रू, आणि तो गंजाने असा धरलेला, की जोर केला तर डोके तुटून हातात येईल. म्हणून मी कापसाचे बोळे राकेलात भिजवून चारही स्क्रूंवर ठेवले आणि दुकानातून येईपर्यंत वाट पाहिली. पेचकसाच्या खाली मलमलीचा तुकडा धरला, म्हणजे हात सटकला तरी रंगाला ओरखडा जाऊ नये. हात सटकला. ओरखडा माझ्या करंगळीला गेला, रंगाला नाही.

कोणती टोपी कोणत्या कोपऱ्यातली हे विसरू नये, म्हणून मी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला: पुढच्या दोघींना लाल आणि पिवळा, मागच्या दोघींना हिरवा आणि निळा. मग आई देवाची पितळी भांडी चिंचेने लख्ख करते, त्यावरून सुचले, आणि चारही टोप्या चिंचेच्या कोळात भिजत टाकल्या. गंज सुंदर सुटला. पण चिंच आणि गंज एकत्र आले की त्यांची शाई होते, हे मला कोणी शिकवले नव्हते. चारही दोरे काळेकुट्ट निघाले. त्यापुढचे दोन दिवस मी प्रत्येक टोपी प्रत्येक कोपऱ्यावर लावून पाहिली. त्या सगळ्या सारख्या दिसतात, पण भोक केसाएवढे इकडेतिकडे असते.

(या कोळाबद्दल एक गोष्ट आपल्याजवळच ठेवावी. मी टोप्या काढून पातेले ओट्यावर ठेवले आणि हात धुवायला गेलो. आईला वाटले, मी तिच्यासाठीच चिंच भिजवून गाळून ठेवली. तिला इतके कौतुक वाटले, की तिने लगेच गूळ, जिरे घालून सार केले. त्या दिवशी शेजारचे नत्थूजी जेवायला होते. मला सांगण्याचा धीर झाला नाही, म्हणून मी निदान सोबत म्हणून वाटीभर प्यालो. नत्थूजींनी दोनदा मागून घेतले आणि म्हणाले, “जिजाबाई, रंग काळा हाय पन दम हाय वं याच्यात!” दुसऱ्या दिवशी ते सांगत आले, की संधिवात उतरल्यासारखा वाटतो. आपल्या गुडघ्यासाठी मी हे सुचवत नाही, फक्त घडले ते लिहिले.)

नंतर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने घासले, आतून लाल रंगाचा पातळ हात दिला आणि चारही टोप्या ताटात मांडून उन्हात ठेवल्या. आई शेजारी डाळ निवडत बसली होती. मी म्हटले, “आता एवढं वाळलं की बसवून टाकतो. परवा गाडी काटोलला.” आईने डाळीतला एक खडा काढून दूर फेकला. मी काचेला लावतात ती लांबी आणायला इतवारीत गेलो. (टोपीच्या खाली लांबी भरली नाही तर पावसाचे पाणी आत झिरपते आणि पुन्हा गंज धरतो.) परत आलो तर ताटात तीन टोप्या.

मामा, मी घर पालथे घातले. मोरीत हात घातला. तुळशीच्या मुळाशी उकरले. उंदराच्या बिळात तार घालून पाहिली, त्यात माझे शाळेतले पेन सापडले. डाळीचा डबा चाळला. आईने या शोधात इतक्या उत्साहाने मदत केली, की मला भरून आले. ज्या जागा मी दोनदा पाहिल्या होत्या, त्या तिने पुन्हा पाहायला लावल्या. संध्याकाळी म्हणाली, “मंग आता गाडी नाही ना जात?” मी म्हटले, “टोपी नसताना कशी जाईल?” ती म्हणाली, “बरोबर हाय. अर्धवट चीज माघारी कशी धाडावी!” आणि त्या दिवशी भरीत केले.

तशी दुसरी टोपी मिळते का, म्हणून मी जुन्या मोटारींचे सुटे सामान विकतात तिथे गेलो. दुकानदाराने बाकीच्या तिघींपैकी एक हातात घेतली, उजेडात फिरवली आणि म्हणाला, “भाईसाब, इस गाडी की टोपी नहीं मिलेगी. टोपी के साथ गाडी मिल सकती है.” मी त्याचे आभार मानून टोपी परत मागितली. ती त्याने सहज आपल्या गल्ल्यावर ठेवली होती. तेव्हापासून बसवून होईपर्यंत मी त्या तिघींना एकटे सोडले नाही. दुकानात जातानाही रुमालात बांधून नेल्या.

एवढ्यात पोळा आला. आणि आता जे लिहिणार आहे, ते काटोलपर्यंत कोणी तरी तिखटमीठ लावून पोचवणारच, म्हणून माझ्याकडून आधी ऐकावे.

नत्थूजींच्या घरी त्यांच्या आजोबांच्या वेळचा सागवानी नंदी आहे, कमरेएवढा उंच, चाकांचा. दुसऱ्या दिवशीच्या तान्ह्या पोळ्याला मोहल्ल्यातली मुले आपापले लाकडी बैल आणतात, पण मान नत्थूजींच्या नंदीचा. त्या दिवशी सकाळी मी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहायला गेलो होतो. लोक ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणून आपापल्या पीडा तिच्या स्वाधीन करत होते, मीही मनातल्या मनात गंज दिला. दुपारी घरी येतो तर समोरून नंदी येत होता. झूल, घुंगरू, कपाळाला आरसा, आणि दोन्ही शिंगांच्या टोकांना शेंब्या. उजवी शेंबी पितळेची पिवळी. डावी पांढरी, चकचकीत, अंगठ्याच्या पेराएवढी, पुढे निमुळती.

नत्थूजी आमच्याकडे जेवून गेले होते. टोप्या वाळत होत्या तेव्हा ते अंगणातून ये-जा करत होते. त्यांना ती शेंबी वाटली असणार, यात त्यांचाही दोष नाही, असे मी मनात म्हटले. पण चारचौघांत विचारायचे कसे? म्हाताऱ्या माणसाला सणाच्या दिवशी ‘तुमच्या नंदीने आमची टोपी नेली’ असे म्हणायचे? म्हणून मी पूजा करण्याचे ठरवले. आईकडून ताम्हण घेतले, नंदीला हळदकुंकू लावले, झेंडूचा हार घातला आणि हार नीट करण्याच्या निमित्ताने डाव्या शिंगाला हळूच हात घातला. शेंबी हलेना. मी थोडी पिळली. नत्थूजी म्हणाले, “पुरे गा लहानू, किती भक्ती करशीन!” मला वाटले, आत स्क्रू असेल, उलटा फिरवावा. फिरवला. कडकन आवाज झाला आणि नंदीचे डावे शिंग माझ्या हातात आले.

नत्थूजी ओरडले, “अगा, काहून मोडलं माह्या नंदीचं शिंग! माह्या आज्याच्या हातचं शिंग होय ते!” मी शेंबी उलटी करून पाहिली. आत स्क्रूचे भोक नव्हते. ती त्यांच्या सुनेने बर्डीवरून आणलेली नवीन, पांढरा मुलामा दिलेली शेंबी होती. मामा, मी तोंड कुठे लपवले असेल? ताम्हणामागे. त्यात मावले नाही.

शिंग मी सरस लावून, आतून तारेची खुंटी देऊन जोडून दिले. जोड कुठे आहे हे मला सोडून कोणाला दिसत नाही. नत्थूजी त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. काल सकाळी स्वतःच आले, सगळी हकिकत ऐकली, मोटारीभोवती एक फेरी मारली आणि ती पांढरी शेंबी माझ्या हातावर ठेवून म्हणाले, “लावून पाह्य बरं.” लावली. मामा, ती अशी बसली, की जणू मोटार बनवणाऱ्याने पोळा पाहिलेला असावा. नत्थूजींना भरून आले. आई दारात उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसायला लागली, आणि ओट्यावर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. “म्हशीले शिंग फुटलं वं माय!” ताराच्या लग्नानंतर मी तिला असे हसताना पाहिले नव्हते. मग एकाएकी थांबली आणि म्हणाली, “काढ ते. भैयाजी पाह्यन तं काय म्हनन? का बहिनीनं चिडवलं म्हनून.” मी काढली.

हल्ली दुपारी ती मोटारीत जाऊन बसते. मागच्या बाकावर, सूप घेऊन. मी विचारले तर म्हणते, आत माशा येत नाहीत.

तेव्हा विनंती अशी, की टोपी सापडेपर्यंत आठ-पंधरा दिवसांची सवड द्यावी आणि तोवर धोंडब्याला पाठवू नये. माझ्या हाताबद्दल आपण जे म्हणालात, ते परत घेऊ नये, एवढेच मागणे. मामींना नमस्कार. लिहिण्यात काही अशुद्ध राहिले असल्यास क्षमा असावी.

आपला भाचा,
लहानू

ता. क. : वरचे पत्र सकाळी लिहिले. आता दुपार आहे. महालक्ष्म्या जवळ आल्या, म्हणून आईने माळ्यावरची पेटी काढायला सांगितली. तिला उपास आहे, चढवत नव्हते. ही पेटी वर्षातून एकदाच उघडते, म्हणून तिच्यात शोधण्याचे माझ्या मनातही आले नव्हते. मुखवट्यांचे रेशमी फडके सोडले, तर ज्येष्ठेच्या गालाशी आपली चौथी टोपी. मी घासली होती त्यापेक्षा कितीतरी लख्ख. कडेच्या खाचेत माझ्याकडून थोडा गंज राहिला होता, तोही काढलेला.

मी आईकडे पाहिले. आईने टोपी माझ्या हातातून घेऊन पुन्हा फडक्यात ठेवली. म्हणाली, “ज्याची हाय त्याच्याच हातात देईन. महालक्ष्मीच्या पंगतीले बसल्यावर. आंबील वाढल्यावर.” मी म्हटले, “मग ये म्हणून लिहितो.” तर म्हणाली, “खबरदार! मी काहून बोलावू? त्याची चीज त्याले पाह्यजन असन तं येईन.”

ता. क. दुसरा : म्हणून हे मी कळवलेच नाही, असे समजावे. आपल्याला टोपी सापडत नाही एवढेच ठाऊक आहे आणि आपण रागावून स्वतः पाहायला येत आहात. काटोलात किंवा आणखी कुठे अगदी तशीच टोपी मिळाली, तरी कृपा करून घेऊ नये. पंगतीत आईने टोपी हातावर ठेवली, की आश्चर्य वाटल्यासारखे करावे. आपल्याला ते जमत नाही, मामी सांगतात, तरी येताना सवय करावी. स्क्रू माझ्याजवळ आहे, लांबी ओल्या फडक्यात ठेवली आहे. जेवण झाले की आपल्यासमोरच बसवून देतो.

ता. क. तिसरा : पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आई आली. “काय लिहिलं?” म्हणाली. मी म्हटले, “टोपी सापडत नाही, असं लिहिलं.” “बरं केलं.” मग जाता जाता म्हणाली, “आनखी एक लिही. गाडी तं इथी हाय. तवा यावं लागलं तं त्याले येस्टीनंच यावं लागन. म्हनजे या खेपेले टायमावर पोचन.”